तायडे मिस्त्रींचं उलट्या फेरीचं विमान

"तुम्ही फक्त विमान तयार ठेवा, उडवायचं माझ्याकडे लागलं," असं मी तायडे मिस्त्रींना पत्रात लिहून मोकळी झाले होते. माझं वय बासष्ट, आणि त्यातली चव्वेचाळीस वर्षं दोरीच्या विमानाची मूठ हातात धरण्यात गेली. नाशिकच्या आमच्या मंडळात मी एकटीच बाई, आणि पाठीवर उलटं केलेलं विमान जमिनीपासून गुडघाभर उंचीवर फिरवणारीही मी एकटीच. तेव्हा असं लिहिण्यात मला काही गैर वाटलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही फारसं वाटत नाही. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या तीन दिवसांत त्या एका वाक्यानं माझी चांगली जिरवली, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी विमान कसलं ते सांगते, नाहीतर निम्मी मंडळी रिमोटचं खेळणं समजून बसतील. आमच्या विमानाला रिमोट नसतो. पंख असतो चार फुटांचा, नाकात खरंखुरं छोटं इंजिन असतं, आणि एका पंखातून दोन बारीक पोलादी दोऱ्या बाहेर येतात. त्या पन्नासेक फूट लांब दोऱ्यांची टोकं एका मुठीला बांधलेली. ती मूठ धरून माणूस मधोमध उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरतं. मूठ वर कलवली की विमान वर, खाली कलवली की खाली. एवढ्या दोन हालचालींवर गिरक्या, कोलांट्या, डोक्यावरून इंग्रजी आठाचा आकडा, सगळं काढायचं. ही जुनी कला आहे. आता ती करणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि त्यातले बहुतेक एकमेकांशी भांडलेले आहेत.

जुन्या विमानांचे नकाशे मी मागेल त्याला टपालानं पाठवते. त्यातूनच मिस्त्रींचं पत्र आलं. शाईचं, ठसठशीत अक्षराचं. "मॅडम, खामगावात कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो, आता निवृत्त आहे. चौतीस वर्षे माझे विमान मीच उडवले. दोन वर्षांपासून कानाच्या दुखण्यामुळे जागच्या जागी एक फेरी घेतली तरी पडतो. उडवणारा मध्ये उभा असतो, त्याला विमानाची आतली बाजूच दिसते. माझे विमान बाहेरून कसे दिसते, हे मी कधी पाहिले नाही. इकडे दुसरा कोणी उडवणारा नाही. तुम्ही येऊन उडवाल का? मी कडेला खुर्ची टाकून बसेन."

हे वाचून घरी बसणारी बाई वेगळी. मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

मलकापूर

सकाळी मलकापूरला उतरले तर मिस्त्री स्वतः फलाटावर हजर. खामगावहून पहाटेची एसटी धरून आले होते. उंच, सडपातळ, पांढरा सदरा, आणि चालताना एक हात भिंतीला लावलेला. मी म्हटलं, "अहो, कशाला आलात? मी आले असते की विचारत विचारत." तर म्हणाले, "तुमी नाशकावून येऊन राह्यल्या, न् मी खामगावावून नाई येऊ का?"

माझ्या हातात दोऱ्यांचा गोल पत्र्याचा डबा होता. मिस्त्रींसाठी नव्या दोऱ्या नेल्या होत्या. रिक्षावाल्यानं त्या डब्याकडे तीनदा पाहिलं आणि शेवटी विचारलंच, "म्याडम, पेढे हायेत का?" मी उघडून दाखवला. तार बघून त्याचा चेहरा असा पडला की मीच त्याला पिशवीतले दोन चिवड्याचे पुडे दिले.

खामगाव

कपाशीचा हंगाम चालू होता. खामगावात शिरलो तसे सरकीच्या वासानं आणि हवेत तरंगणाऱ्या कापसाच्या तंतूंनी आमचं स्वागत केलं. झाडांवर कापूस, विजेच्या तारांवर कापूस, माझ्या चष्म्यावरही कापूस. मी लगेच म्हटलं, "इथं उडवायचं नाही हं. इंजिनानं हा एक झुपका ओढला की खेळ खलास." मिस्त्रींनी मान डोलावली. "उद्या रोहिणखेडले जाऊ. माह्या साळ्याचं वावर हाये. सोयाबीन निंगालं, मोकळंच हाये." आपल्या मनातलं आधीच ठरवून ठेवणारा माणूस मला आवडतो.

घरी कुसुमताई, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. आमच्याकडे पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात आणि पाहुणाही "नको नको" म्हणून एक फेरी पार पाडतो. इथं विचारण्याची पद्धतच नाही. हातपाय धुवेपर्यंत ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वांग्याचं भरीत आलं. ठेच्याच्या पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कुसुमताई म्हणाल्या, "तुमच्यासाठी कमी तिखट केला हाये बाई." मी शिक्षिका होते हे त्यांना पत्रातून कळलं होतं, म्हणून मी त्यांची 'बाई' झाले.

मग मिस्त्रींनी भिंतीवरचं विमान उतरवलं. मी खूप विमानं पाहिली आहेत, त्यामुळे सहजासहजी तोंडातून 'वा' निघत नाही. इथं निघाला. पंखाच्या फासळ्या सावरीच्या हलक्या लाकडाच्या, एकेक कागदासारखी घासलेली. वर कुसुमताईंची जुनी निळी वायलची साडी ताणून बसवलेली, त्यावर लाखेचा हात. दोऱ्यांची ओढ शेपटीला पोचवणारी आतली कळ जिनिंगच्या जुन्या पितळी पट्टीतून कापलेली. इंजिन जुनं, अडीच सीसीचं. त्याचा सुटा भाग आता जगात कुठं मिळत नसेल.

दोऱ्या अडकवून बघाव्यात म्हणून मी डाव्या पंखाखाली हात घातला. तिथं काहीच नव्हतं. दोऱ्यांची टोकं उजव्या पंखातून बाहेर आली होती.

"मिस्त्री, हे काय?"

"काय म्हंता?"

"अहो, दोऱ्या डाव्या पंखातून येतात. जगभर! विमान डावीकडे फेरी घेतं, घड्याळाच्या उलट. तुमचं तर उजवीकडून फिरत असणार!"

"हाव. उजवीकडूनच फिरते," ते शांतपणे म्हणाले. "सगळ्याइचं तसंच नसते का?"

मी नकाशा मागितला. छत्तीस वर्षांपूर्वी इंजिनासकट भंगारवाल्याकडे मिळालेला तो नकाशा त्यांनी ट्रंकेतून काढला. पारदर्शक कागदावर काढलेला, आणि कुणीतरी तो पुठ्ठ्यावर चिकटवलेला. आयुष्य यंत्ररेखाटन शिकवण्यात गेलं, मला एका नजरेत कळलं. कागद पालथा चिकटवला होता. शाईची बाजू खाली.

"मिस्त्री, यावरचे आकडे तुम्हाला उलटे दिसले नाहीत?"

"दिसले नं! म्हनून आरसा धरला, न् आकडे सगळे सुलटे करून वहीत उतरून घेतले."

"आणि चित्र?"

मिस्त्रींनी पुठ्ठा उचलून डोळ्यांजवळ धरला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "कुसुम! ऐकलं का? छत्तीस वर्सं झाले, आपलं इमान आरशातलं हाये!" आणि इतके हसले की त्यांना तोल सावरायला माझा खांदा धरावा लागला.

मी हसले नाही. मी लगेच मास्तरकी सुरू केली. दोन दिवस द्या, दोऱ्या डावीकडून काढते, शेपटी बदलते, सगळं शास्त्रशुद्ध करून देते. मिस्त्रींचं हसू थांबलं. "नाई म्याडम. मले सुधारेल नाई पाह्याचं. मी जसं उडवलं तसंच पाह्याचं हाये, बाहीरून." त्यांनी विमान पुन्हा स्वतःच्या मांडीवर घेतलं. मी जीभ चावली आणि म्हटलं, "बरं. मला काय, कुठूनही फिरू दे. उडवते."

संध्याकाळी इंधन बनवलं. रॉकेल, घाण्याचं एरंडेल आणि इथर. इथर आता कुणी सहजी देत नाही. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या माणसाकडून आलेली शेवटची बाटली कुसुमताईंनी माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवली होती, उडून जाऊ नये म्हणून. मिश्रण झालं तीन टाक्यांपुरतं. म्हणजे तीन उड्डाणं. त्यानंतर इथर मिळेल तेव्हा मिळेल, बहुधा नाहीच. झोपण्याआधी मिस्त्रींनी त्यांची वही वाचायला दिली; चौतीस वर्षं कसरती ज्या ओळीनं केल्या, ती ओळ त्यात लिहिलेली होती.

रोहिणखेड, शुक्रवार

कुसुमताईंचे भाऊ प्रल्हादभाऊ रोहिणखेडला शेती करतात. जुन्या मशिदीवरून पुढं गेलं की त्यांचं वावर. सपाट, मोकळं, कडेला एकच निंबाचं झाड. त्याखाली मिस्त्रींची खुर्ची टाकली. प्रल्हादभाऊंना विमानाच्या फेरीचं प्रकरण आदल्या दिवशीच फोनवर कळलं होतं. त्यांनी मला विचारलं, "म्याडम, स्तुपाले आमी याच दिशेनं फेरी मारतो. मंग हे बरोबरच हाये नं?" मी दोऱ्यांचा डबा उघडायला घेतला.

मला वाटलं होतं इंजिन प्रल्हादभाऊ चालू करतील. तर कुसुमताईंनी पदर खोचला, बोटाला चामड्याची टोपी चढवली, आणि नाकावरच्या पंख्याला दोन टिचक्या मारल्या. तिसऱ्या टिचकीला इंजिन बोललं. चौतीस वर्षं विमान चालू करून शेपूट धरायचं आणि खूण झाली की सोडायचं काम त्यांचंच होतं. मी मधोमध जाऊन मूठ धरली, हात वर केला. त्यांनी सोडलं.

पहिली फेरी झकास. मी मनात म्हटलं, यात काय आहे एवढं? दुसऱ्या फेरीला बांधाकडून वाऱ्याचा झोत आला आणि विमान थोडं खाली दबलं. मी वर घ्यायला मूठ हलवली, आणि विमान सरळ जमिनीकडे गेलं. कळायच्या आत मी उलट मूठ मारली. पण तोवर चाकं ढेकळांत घुसली होती. पंखा मोडल्याचा आवाज मला मधोमध ऐकू आला.

काय झालं ते मला तिथंच उमगलं. आमचं नेहमीचं विमान डावीकडे फिरतं. ते पाठीवर टाकलं, चाकं आभाळाकडे केली, की फेरी आपोआप उजवीकडून होते. तेव्हा मूठही उलटी चालवावी लागते, वर जायचं तर खाली कलवायची. म्हणजे उजवीकडे फिरायचं ते फक्त विमान पाठीवर असताना, हे माझ्या हाताला चव्वेचाळीस वर्षांत पाठ झालेलं. डोक्याला माहीत होतं की मिस्त्रींचं विमान पोटावर आहे. हाताला माहीत नव्हतं. वारा आला तेव्हा डोक्याला विचारायला हात थांबला नाही. नवशिक्यानं हे विमान उडवलं असतं तर ते पडलं नसतं. ते पाडायला माझ्यासारखी मुरलेलीच बाई लागते.

मी धावत गेले. कुसुमताई आधीच पोचल्या होत्या. त्यांनी पहिलं काम काय केलं? माती जाऊ नये म्हणून इंजिनाच्या तोंडावर बोट ठेवलं. पंखा दोन तुकडे, चाकाची तार वाकडी, बाहेरच्या पंखाचं टोक फाटलेलं. इंजिन फिरवून बघितलं, फिरलं. जीव भांड्यात पडला.

मिस्त्री प्रल्हादभाऊंच्या खांद्यावर हात टाकून हळूहळू आले. मी म्हटलं, "चूक माझी. शंभर टक्के माझी." आणि कारण सांगितलं. मला रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणून स्वतःचा रागही येत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे तुमाले लय येते, म्हनून पडलं."

"अगदी तसंच."

"मंग उद्या जरासं कमी येऊ द्या," ते म्हणाले आणि विमान घेऊन निंबाखाली गेले.

दुपारभर दुरुस्ती. मिस्त्रींनी स्वतः कोरलेला एक सागवानी पंखा जास्तीचा होता. मी तार सरळ केली. पंखाचं टोक कुसुमताईंनी त्याच निळ्या साडीच्या उरलेल्या तुकड्यानं मढवलं. टाके असे घातले की माझ्या भिंगातूनही दिसले नसते. लाख सुकायला रात्र लागणार होती.

ऊन कललं तसे मिस्त्री म्हणाले, "चाला म्याडम. शाळा."

त्यांची शाळा अशी. मुठीला दोन सुतळ्या बांधल्या. त्यांची दुसरी टोकं कुसुमताईंच्या हातातल्या सुपाला. मी मधे उभी. कुसुमताई सूप घेऊन माझ्याभोवती उजवीकडून चालणार. मी मूठ वर कलवली, वरची सुतळी ताणली गेली, की त्या सूप वर उचलणार. खालची ताणली की खाली घेणार. मिस्त्री खुर्चीवरून ओरडणार, "वारा आला! दाबलं! वर घ्या!" आणि मी चुकले की कुसुमताई सूप जमिनीवर आपटून म्हणणार, "मेलं!" सुरुवातीला मिस्त्री असेच शिकले होते म्हणे, नवीन लग्न झालेलं असताना. शेजारच्या वावरातल्या बायका तुरीचं काम सोडून बांधावर येऊन बसल्या. पहिल्या अर्ध्या तासात मी अकरा वेळा मेले. प्रत्येक वेळी बांधावरून टाळ्या.

"अन् आजून एक," मिस्त्री म्हणाले. "इमान झटक्यानं वर घेतलं का दोऱ्या सैल पडतेत. तवा एक पाऊल मागं सरकाचं. मले वाटे सगळ्याइच्याच पडत असतीन." त्या सैल पडतात त्या उलट्या फेरीमुळे. इंजिनाचा झोक अशा वेळी विमानाचं नाक आत वळवतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ते आपल्या पायांनी शोधून काढलं होतं, तेही न पडता. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. ते लाजले.

दिवस मावळेपर्यंत सूप फिरत राहिलं. शेवटच्या वीस मिनिटांत मी एकदाही मेले नाही. कुसुमताईंचे पाय मात्र दुखायला लागले.

रोहिणखेड, शनिवार

सकाळी वारा पडलेला. दोन टाक्या उरल्या होत्या. मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. कालच्या बांधावरच्या बायकाही आल्या. कुसुमताईंनी इंजिन चालू केलं, शेपूट धरलं. मी हात वर केला.

विमान उठलं. एक फेरी, दुसरी, तिसरी. हात गप्प होता, डोकं सांगेल तसं वागत होता. वाऱ्याचा एक हलका झोत आला, मी वर घेतलं, विमान वर आलं. आता सातव्या फेरीला पहिली गिरकी घ्यायची असं ठरवलं.

उडवताना नजर विमानावरून हलवता येत नाही. पण फेरी घेताना मागचं सगळं डोळ्याच्या कडेला येऊन जातं. निंबाचं झाड, खुर्ची, बांध, पुन्हा निंबाचं झाड. चौथ्या फेरीला मला दिसलं की मिस्त्री पुढं वाकलेत. पाचव्या फेरीला ते उभे होते. सहाव्या फेरीला दोन्ही हात हलवत होते, खाली घ्या, खाली घ्या.

काय झालं? इंजिन तर ठणठणीत बोलत होतं, दोऱ्या तट्ट ताणलेल्या. मला काहीच वावगं दिसत नव्हतं. पण मला दिसत होती ती विमानाची आतली बाजू. काल फाटलेलं टोक होतं बाहेरच्या पंखाचं. तो जोड सुटला असेल तर मधून मला दिसणारच नव्हता, आणि मिस्त्रींना बाहेरून नक्की दिसणार होता. आमच्या इंजिनाला बंद करायची कळ नसते, टाकी संपेल तेव्हाच ते थांबतं. गिरकीचा विचारसुद्धा मी सोडून दिला. डोक्याएवढ्या उंचीवर, सपाट, अगदी सांभाळून फेऱ्या घेत राहिले. फेरीगणिक मिस्त्री उभेच. एका फेरीला ते डुलताना दिसले, पुढच्या फेरीला कुसुमताई त्यांच्याकडे धावत होत्या. तो माणूस पडतोय का विमान पडतंय, मला काही समजेना. अशी चार मिनिटं मी आयुष्यात काढली नाहीत.

टाकी संपली. विमान अर्धी फेरी घेत अलगद टेकलं. मी मूठ टाकली आणि आधी पंखाचं टोक बघितलं. टाकासुद्धा हलला नव्हता. मग निंबाकडे पळाले.

कुसुमताईंनी मिस्त्रींचा दंड घट्ट धरला होता. मिस्त्रींच्या कपाळावर घाम.

"काय झालं? काय दिसलं तुम्हाला?"

"इंजिन," ते म्हणाले. "इंजिन फाटून राह्यलं होतं म्याडम. आवाज चढे, न् एकदम बसे. चढे, न् बसे. चौतीस वर्सं ते इंजिन आयकलं, असा आवाज कदी नाई काढला त्यानं."

मी गोंधळले. माझ्या कानाला तर आवाज एकसारखा येत होता, अगदी एका सुरात. आणि मग माझ्या लक्षात आलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुसुमताई बोलल्या.

"असाच असते आवाज. जवळ आलं का चढते, दूर गेलं का उतरते. पह्यल्या दिसापासून असाच आयकून राह्यली मी."

मिस्त्री त्यांच्याकडे वळले. "मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी कदी मंधातून बाहीर आल्ते का?"

मधोमध उभ्या असलेल्या माणसापासून विमान कायम तेवढ्याच अंतरावर असतं, म्हणून त्याला आवाज एकसारखा येतो. चढउतार फक्त कडेला उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येतो. हे मी वर्गात शिकवलेलं आहे, फळ्यावर आकृती काढून. मिस्त्रींना ते आता त्यांच्या बायकोनं शिकवलं, दंड धरून.

मिस्त्री खुर्चीत बसले. सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. डोळेही पुसले, लपवायचा प्रयत्न न करता. मग प्रल्हादभाऊंना म्हणाले, "शेपूट धरशीन?"

"मी? मले नाई येत भाऊजी."

"काई नाई, हात वर झाला का सोडाचं." मग मला म्हणाले, "एक टाकी हाये. भरा. सगळं करा म्याडम, माह्या वहीत हाये त्याच वळीनं. मी आता नाई उठत." आणि खुर्चीवर एका बाजूला सरकले. ती लोखंडी खुर्ची दोघांना पुरणार नव्हती. कुसुमताई "काई तरीच" म्हणाल्या, आणि मग खुर्चीला टेकून खाली मातीत बसल्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हाताला काम नव्हतं.

इंजिन मी चालू केलं. मला पाच टिचक्या लागल्या. प्रल्हादभाऊंनी शेपूट देवाच्या मूर्तीला धरावं तसं धरलं, आणि हात वर होताच सोडून घाबरून मागं पळाले. दोन फेऱ्या सपाट. मग मूठ वर, एक पाऊल मागं, आणि विमान सरळ आभाळात चढलं. तीन गिरक्या. डोक्यावरून पलीकडे, पाठीवर, निळं पोट उन्हाला. पाठीवर असताना माझी फेरी डावीकडून झाली, आणि तिथं हात पुन्हा फसवायला बघत होता. मी त्याला दटावलं, "मेलं!" असं मोठ्यांदा म्हणून. मग कोलांट्या, आणि शेवटी डोक्यावरचा आठाचा आकडा. इतका गोल आकडा मी नाशिकला स्पर्धेतसुद्धा काढलेला नाही, हे मी लिहून देते.

डोळ्याच्या कडेला प्रत्येक फेरीला ती दोघं येत होती. मिस्त्री उठले नाहीत. त्यांची मान कुसुमताईंकडे कललेली होती आणि कुसुमताईंचे ओठ हलत होते. एवढं काय बोलतायत, ते मला मधून ऐकू येणं शक्य नव्हतं.

जेवताना, निखाऱ्यांत भाजलेले रोडगे वरणात कुस्करता कुस्करता, प्रल्हादभाऊंनी सांगितलं. धावपळीत ते खुर्चीच्या मागंच येऊन उभे राहिले होते. विमान पुढं काय करणार, हे कुसुमताई मिस्त्रींना आधीच सांगत होत्या. "आता वर जाईन. आता तीन घेईन. आता पाठीवर टाकीन, आवाज उतरीन पाहा." विमान तेच करायचं, आणि मिस्त्री दरवेळी "हाव" म्हणायचे. एकदाही त्या चुकल्या नाहीत.